फेरफाराची नोंद : आवृत्ती-नियंत्रणाच्या पुस्तकाची प्रस्तावना

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये होत गेलेल्या बदलांची नोंद ठेवण्याची पद्धत आणि त्यासाठी घडवलेली साधने. कोणत्या फाइलीतली कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, त्याआधी ती काय होती, आणि दोघांनी एकाच वेळी केलेले बदल एकत्र कसे आणायचे, एवढे प्रश्न ही साधने सोडवतात. प्रश्न साधे दिसतात. तरी त्यांची उत्तरे शोधण्यात पन्नासहून अधिक वर्षे गेली आहेत आणि शोध अजून चालू आहे.

सातबारा पाहिलेल्या वाचकाला यातला मुद्दा लगेच कळेल. उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने, हे फेरफार नोंदवहीत असते आणि उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक तिकडे नेतात. वाद निर्माण झाला की नुसता उतारा पुरत नाही, जुने फेरफार काढावे लागतात. प्रोग्रामचेही तसेच आहे. चालू कोड आजची स्थिती सांगतो. एखादी विचित्र अट तिथे का आली, कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या तक्रारीमुळे आली, ती काढली तर काय मोडेल, हे कोड वाचून समजत नाही. ते कमिटच्या, म्हणजे प्रत्येक बदल साठवताना केलेल्या, नोंदीत सापडते, अर्थात कोणी नीट लिहून ठेवले असेल तर.

या पुस्तकाची भूमिका त्याहून एक पाऊल पुढची आहे. नोंद ठेवण्याची पद्धत बदलली की काम करण्याची पद्धतही बदलते, आणि कोणी कोणाला विचारून काम करायचे हेही बदलते. कुलूप लावणारे साधन माणसांना रांगेत उभे करते. मध्यवर्ती सर्व्हरवर चालणारे साधन किल्ल्या वाटणारा एक अधिकारी निर्माण करते. प्रत्येकाच्या हाती पूर्ण इतिहास देणारे साधन परवानगीचा प्रश्न कामाच्या सुरुवातीकडून शेवटाकडे ढकलते. आवृत्ती-नियंत्रणाचा इतिहास हा म्हणून विश्वास आणि अधिकार यांच्या वाटणीचाही इतिहास आहे.

त्याचा आरंभ बेल लॅब्जमध्ये झाला. मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही प्रणाली लिहायला घेतली. आधी ती आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर होती, मग युनिक्सवर आली. एकाच फाइलीत तिच्या सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकमेकींत विणून ठेवायच्या आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत जिवंत होती याच्या खुणा करायच्या, अशी तिची रचना होती. त्यामुळे पहिली आवृत्ती काढायला जेवढा वेळ लागे, तेवढाच शेवटची काढायला लागे. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आरसीएसने हे उलटे केले. ताजी आवृत्ती पूर्ण साठवायची आणि जुन्या आवृत्त्यांसाठी मागे जाण्याचे फरक तेवढे ठेवायचे. रोज लागते ती ताजी आवृत्ती, तेव्हा तीच झटकन मिळायला हवी, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

दोन्ही प्रणालींत एक गोष्ट गृहीत होती. फाइल एका वेळी एकाच्याच हाती असायची. काम करायचे तर ती कुलूपबंद करायची, संपल्यावर परत ठेवायची. कुलूप लावून कोणी सुट्टीवर गेला की बाकीचे खोळंबत.

ही कोंडी फुटायला दोन छोट्या प्रोग्रामांचा हातभार लागला. डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांच्या कामातून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिक्सला ‘डिफ’ मिळाले. दोन फाइलींत नेमके काय वेगळे आहे हे ते ओळीओळीने सांगे. मग १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिले. मूळ फाइल दरम्यान थोडी सरकली असली तरी फरकाची यादी वाचून ते बदल योग्य जागी बसवी. या दोन छोट्या प्रोग्रामांचे महत्त्व सहसा कमी लेखले जाते. बदल ही स्वतंत्र, पाठवता येणारी, वाचता येणारी आणि नाकारता येणारी वस्तू त्यांच्यामुळे झाली. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

याच सुमारास ॲमस्टरडॅममध्ये डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एक कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि ग्रून यांना मोकळीक फक्त संध्याकाळी. तिघांची गाठ पडणेच कठीण, मग कुलपे कोण कोणासाठी उघडणार? त्यांनी १९८४ मध्ये आरसीएसच्या डोक्यावर काही स्क्रिप्ट बसवल्या आणि नियम केला की प्रत्येकाने आपल्या प्रतीत हवे ते बदल करावेत, जुळवाजुळव शेवटी होईल. यातूनच सीव्हीएस निघाले. ब्रायन बर्लिनर यांनी १९८९ मध्ये ते सी भाषेत नव्याने बांधले, आणि नव्वदच्या दशकात इंटरनेटवर एकत्र येऊन लिहिले गेलेले बरेचसे मुक्त सॉफ्टवेअर त्यावर वाढले.

शेवटी होणारी ही जुळवाजुळव, म्हणजे मर्ज, जवळून पाहण्यासारखी आहे. तिला तीन प्रती लागतात: तुमची, माझी आणि दोघांनी जिथून सुरुवात केली ती. एखादी ओळ फक्त एकाने बदलली असेल तर त्याचा बदल घेतला जातो. दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर साधन थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. त्यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात. नवशिक्या प्रोग्रामरला कॉन्फ्लिक्टची धास्ती वाटते. खरी धास्ती वाटायला हवी ती गाजावाजा न करता पार पडलेल्या मर्जची. एकाने एका फंक्शनचे नाव बदलले आणि जिथे जिथे ते वापरले होते तिथे तिथे दुरुस्ती केली. त्याच दिवशी दुसऱ्याने वेगळ्याच फाइलीत जुन्या नावाने नवा वापर लिहिला. एकाही ओळीवर दोघांचा हात पडलेला नाही, म्हणून मर्ज निर्विघ्न होते आणि प्रोग्राम मात्र मोडतो. साधनाला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. मर्ज झाल्यावर चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात, त्या यासाठी.

सीव्हीएसच्या मर्यादा लवकरच टोचू लागल्या. ते प्रत्येक फाइलीचा इतिहास वेगळा ठेवी. दहा फाइली सर्व्हरवर पाठवताना मध्येच नेटवर्क तुटले की पाच नव्या आणि पाच जुन्या अशी अवस्था होई. फाइलीचे नाव बदलले की तिच्या इतिहासाचा धागा तुटे. या उणिवा दूर करण्यासाठी कोलॅबनेट कंपनीने २००० मध्ये सबव्हर्जन हाती घेतले आणि २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. एक कमिट एकतर पूर्ण होईल नाहीतर होणारच नाही, ही त्याची मोठी देणगी. पण सत्ता सर्व्हरकडेच राहिली. प्रकल्पाच्या मंडळींनी ज्याला कमिटचा हक्क दिला त्यालाच इतिहासात लिहिता येई. बाकीच्यांनी पॅच पाठवून वाट पाहायची. कार्यालयात ही रचना चालून जाई, आजही अनेक ठिकाणी चालते. एकमेकांना कधी न भेटलेल्या हजारो माणसांच्या प्रकल्पाला मात्र ती अपुरी होती.

असा सर्वांत मोठा प्रकल्प लिनक्स कर्नेलचा. बरीच वर्षे त्याचे बदल ई-मेलमधून पॅचच्या रूपाने येत आणि लिनस टोरवाल्ड्स ते हाताने घेत. २००२ मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचे बिटकीपर स्वीकारले. ते वितरित होते, म्हणजे प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असे. पण ते मालकीचे सॉफ्टवेअर होते आणि फुकट वापराला अटी होत्या. मुक्त सॉफ्टवेअरचा मेरुमणी अशा साधनावर अवलंबून राहावा हे अनेकांना पटले नाही. साम्बा प्रकल्पाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतल्यावर वाद पेटला आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट परवाना संपुष्टात आला.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच साठवला जाऊ लागला होता. जूनमध्ये कर्नेलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधारे प्रसिद्ध झाली आणि जुलैच्या अखेरीस गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. ती आजही त्यांच्याकडेच आहे. चार दिवसांत गिट लिहिले गेले ही गोष्ट चवीने सांगितली जाते. हमानो यांची दोन दशकांची निगराणी क्वचितच सांगितली जाते, आणि गिट टिकले ते प्रामुख्याने तिच्यामुळे.

गिटची मूळ कल्पना फार थोडक्यात मांडता येते. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढायचा, चाळीस षोडशमान अंकांचा, आणि तोच त्या मजकुराचा पत्ता मानायचा. फोल्डर म्हणजे नावे आणि ठसे यांची यादी, तिचाही ठसा. कमिट म्हणजे फोल्डरचा ठसा, लेखकाचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा ठसा, त्या सगळ्याचा पुन्हा ठसा. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतले एक अक्षर बदलले तरी तिथून आजपर्यंतचा प्रत्येक ठसा बदलतो आणि ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याच्या ते लक्षात येते. ठसा काढण्याच्या मूळ रीतीतला कच्चा दुवा २०१७ मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष दाखवला. त्यानंतर गिटने त्या रीतीची अधिक सावध आवृत्ती वापरात आणली आणि पुढे अधिक मजबूत रीतीची सोयही केली.

याच काळात मर्क्युरियल, बझार, मोनोटोन अशी इतरही वितरित साधने आली. तपशील सोडले तर ती गिटच्याच कुळातली. वेगळे कूळ आहे ते डार्क्सचे. डेव्हिड राउंडी या भौतिकशास्त्रज्ञाने २००३ मध्ये मांडलेल्या या प्रणालीत प्रकल्प म्हणजे क्षणचित्रांची मालिका नसून बदलांचा संच असतो. दोन बदल एकमेकांवर अवलंबून नसतील तर कोणता आधी लावला याने फरक पडू नये, आणि बदल एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेला तरी त्याची ओळख तीच राहावी, असा त्याचा आग्रह. गिटमध्ये तसे नेल्यास नवा ठसा असलेले नवे कमिट जन्माला येते. विचार म्हणून डार्क्स अधिक देखणे आहे हे मान्य करायला हवे. व्यवहारात मात्र काही कॉन्फ्लिक्ट सोडवताना ते अतोनात वेळ खाई आणि तिथेच मागे पडले. पिहुल हा अलीकडचा प्रकल्प तोच विचार भक्कम गणिती पायावर पुन्हा उभा करू पाहतो.

गिट सर्वदूर पोचले ते त्याच्या रचनेइतकेच एका स्टार्टअपमुळे. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने कोणत्याही प्रकल्पाची आपली प्रत, म्हणजे फोर्क, एका क्लिकवर करण्याची सोय दिली आणि त्यातले बदल मूळ प्रकल्पापुढे ठेवण्यासाठी पुल रिक्वेस्ट आणली. आधी हक्क मिळवा, मग काम करा, हा क्रम उलटला: आधी काम करा, मग ते घ्यायचे की नाही हे मालक ठरवतील. नाशिकच्या वा मडगावच्या एखाद्या विद्यार्थिनीला जगप्रसिद्ध लायब्ररीत दुरुस्ती सुचवायला कोणाची ओळख लागत नाही, ती या उलटलेल्या क्रमामुळे. त्याची किंमतही आहे. वितरित म्हणून घडवलेले साधन पुन्हा एका संकेतस्थळाभोवती गोळा झाले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना गिटहब घेण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक प्रकल्पांनी गिटलॅब या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाकडे बिऱ्हाड हलवले. कोडचा इतिहास त्यांना सहज नेता आला. चर्चा, तक्रारी आणि परीक्षणाच्या टिप्पण्या तितक्या सहज नेता येत नाहीत, कारण त्या गिटमध्ये नसतात. गूगल कोड २०१६ मध्ये बंद झाले, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलचा आधार काढून घेतला. नोंद कोणाच्या घरी आहे हा प्रश्न त्यामुळे गौण नाही.

मोठ्या कंपन्यांनी निराळी वाट धरली. गूगलने आपला बहुतांश कोड एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे इतिहासासह एकाच साठ्यात, ठेवला आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार जानेवारी २०१५ मध्ये त्यात सुमारे दोन अब्ज ओळी आणि ८६ टेराबाइट मजकूर होता, आणि त्यासाठी त्यांना स्वतःची प्रणाली बांधावी लागली. मायक्रोसॉफ्टने विंडोज गिटवर आणले तेव्हा सुमारे ३५ लाख फाइली आणि ३०० गिगाबाइट एवढा पसारा होता. संपूर्ण प्रत प्रत्येकाकडे हे तत्त्व तिथे झेपेना. मग गरज पडेल तेव्हाच फाइल उतरवून घेणारी फाइलप्रणाली लिहावी लागली. गूगलमधील एका अभियंत्याने छंद म्हणून सुरू केलेले जुजुत्सू हे साधन गिटचाच साठा वापरते, पण कॉन्फ्लिक्टलाही नोंदवून ठेवण्याजोगी अवस्था मानते, त्यामुळे तो सोडवेपर्यंत काम अडत नाही. इतक्या वर्षांनीही या क्षेत्रात मूलभूत कल्पनांना जागा आहे, याचा हा पुरावा.

विषयाची आजची निकड सुरक्षेमुळे वाढली आहे, आणि दोन घटना शेजारी ठेवल्या की ती ठसठशीत दिसते. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नेलच्या सीव्हीएस प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्यात वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, एवढे तपासले जात होते. पण तुलनेसाठी जिथे बरोबरीची दोन चिन्हे हवीत तिथे एकच होते. त्यामुळे तपासणी न होता क्रमांक थेट शून्य होई आणि प्रोग्राम चालवणाऱ्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळत. सीव्हीएसची ती प्रत बिटकीपरमधल्या मूळ इतिहासावरून आपोआप बनत असे, आणि या बदलाला मूळ इतिहासात आधारच नव्हता. दोन नोंदी जुळल्या नाहीत म्हणून घुसखोरी उघडी पडली.

मार्च २०२४ मध्ये डाव अधिक खोल होता. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत एका टोपणनावाने दोन-तीन वर्षे प्रामाणिक भासणारे काम करून एका व्यक्तीने देखभालीचा हक्क मिळवला. घातक भाग चाचणीच्या नमुना-फाइलींत दडवलेला होता. तो जागा करणारी कळ मात्र गिटमध्ये नव्हती, ती वितरणासाठी बनवलेल्या गठ्ठ्यात घातली होती. कमिट वाचणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याची शंका आली, ते मुळाशी गेले आणि प्रकरण बाहेर आले. पहिल्या घटनेत नोंदीने वाचवले. दुसऱ्या घटनेत नोंद आणि लोकांच्या हाती पडणारी वस्तू यांच्यातल्या फटीचा फायदा घेतला गेला. ही फट बुजवणे, म्हणजे नोंदलेल्या कोडवरून तंतोतंत तोच प्रोग्राम कोणालाही पुन्हा बांधता येणे, हे आजचे मोठे काम आहे.

दुसरी निकड कृत्रिम बुद्धिमत्तेची. गिटहबने २०२१ मध्ये कोपायलट दाखवला. आता तर यंत्र स्वतः शाखा काढते, कोड लिहिते आणि पुल रिक्वेस्टही उघडते. गिटच्या लेखकाच्या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, हा यामुळे खरा प्रश्न झाला आहे. लिनक्स कर्नेलकडे याचे जुने, विचार करायला लावणारे उत्तर आहे. एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावल्यानंतर, कोडचे मूळ सांगता यावे म्हणून २००४ पासून तिथे प्रत्येक पॅचखाली सही करण्याची प्रथा सुरू झाली. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असे सही करणारा सांगतो. कोणी टंकला यापेक्षा कोण जामीन राहतो, हे तिथे महत्त्वाचे मानले गेले. यंत्रे शेकडो ओळी मिनिटांत लिहू लागल्यावर परीक्षकाचा वेळ हीच दुर्मीळ गोष्ट होते. लहान, एकेका हेतूची, कारण सांगणारी कमिट लिहिणे हे आता सौजन्यापुरते उरलेले नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही प्रश्न आणखी जवळचे आहेत. फाइलीचे नाव ‘मसुदा’ ठेवले तर गिट मूळ मांडणीत ते नाव न दाखवता \३४०\२४४\२५६ अशा आकड्यांची रांग दाखवते. एक सेटिंग बदलले की देवनागरी दिसू लागते, पण हे सांगणारे कोणी भेटेपर्यंत फाइल बिघडली असे वाटते. ‘पुऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही ‘पुऱ्या’ सारख्याच, बाइट वेगळे. एका संपादकाच्या कीबोर्डवरून गेलेला मजकूर दुसऱ्याने नुसता नीटनेटका करून साठवला तरी डिफ बदल दाखवतो आणि दोघेही बुचकळ्यात पडतात. शिवाय डिफ ओळीने तुलना करते, आणि मराठी गद्याचा पूर्ण परिच्छेद बहुधा एकच ओळ असतो. एक अनुस्वार बदलला की सबंध परिच्छेद लाल-हिरवा होतो. शब्दागणिक तुलना, वाक्यागणिक ओळ, युनिकोडची एकच ठरलेली मांडणी हे उपाय उपलब्ध आहेत. मराठी शब्दकोश, भाषांतरे आणि पाठ्यसामग्री यांची सामूहिक कामे वाढत असताना ते माहीत असायला हवेत.

अभ्यासक्रमात प्रोग्रामिंगच्या भाषा असतात, हा विषय बहुधा नसतो. विद्यार्थी प्रकल्पाच्या प्रती ‘फायनल’, ‘फायनल नवा’ अशा नावांनी साठवतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दहा-बारा आज्ञा पाठ करून वेळ निभावतो. त्यानंतर काही गुंता झाला की रिपॉझिटरी पुसून पुन्हा क्लोन करणे हाच त्याचा इलाज असतो. हे पुस्तक त्या आज्ञांच्या मागची रचना समजावू पाहते, कारण ठसा, पालक-कमिट आणि शाखा या तीन कल्पना पक्क्या झाल्या की आज्ञा विसरल्या तरी वाट सापडते. हजार कमिटमध्ये बिघाड नेमका कुठे शिरला हे सुमारे दहा चाचण्यांत शोधणारी गिटची निम्म्यानिम्म्याने शोधण्याची सोय असो वा चुकून पुसलेली शाखा परत मिळवणे असो, पुस्तकात ते त्या कल्पनांपासून उलगडत नेले आहे.

वाचकाला एखादी प्रोग्रामिंग भाषा थोडीफार येते आणि टर्मिनल उघडता येते, एवढेच येथे गृहीत धरले आहे. गणिती पार्श्वभूमी अपेक्षित नाही. डार्क्स आणि पिहुल यांचा विचार उदाहरणांनी मांडला आहे, सिद्धता दिलेल्या नाहीत. कंपन्यांच्या आतील खासगी साधनांविषयी प्रसिद्ध झालेल्या माहितीपलीकडे काही लिहिलेले नाही. कमिट, मर्ज, डिफ हे शब्द जसे कार्यालयात बोलले जातात तसेच ठेवले आहेत. उदाहरणांतील आज्ञा गिटच्या आहेत, कारण वाचकाला कामावर तेच भेटेल. जिथे गिटचा निर्णय हा अनेक शक्य निर्णयांपैकी एक आहे, तिथे इतर प्रणालींनी तोच प्रश्न कसा सोडवला हे शेजारी दिले आहे.